उतरता आकडा

उत्तरा गायधनी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कंपनीत काम करत होती. कंपनीचं पोट कंट्रोल पॅनेलवर भरायचं. शेडच्या मागच्या भागात मात्र गेली बारा-तेरा वर्षं एकच गोष्ट बनत होती आणि ती बनवणं हे उत्तराचं काम होतं. मनगटापेक्षा जरा जाड, माणसाच्या उंचीचा स्टीलचा नळा. सगळे त्याला प्रोब म्हणायचे. युरेनियमच्या शोधात जमिनीत खोल बोअर घेतात. त्या बोअरमध्ये हा प्रोब केबलला बांधून सोडायचा आणि आजूबाजूच्या खडकातून येणारे किरण मोजत तळापर्यंत न्यायचा. जिथे आकडा चढेल तिथे शोधण्यासारखं काहीतरी आहे.

असे प्रोब परदेशातून येतात. आपण इथे बनवू, ही कल्पना मालक महेश खैरनार यांची. ते मूळचे सटाण्याचे. एरवी शुद्ध बोलायचे, पण एखादी गोष्ट मनावर घेतली की त्यांच्या तोंडी अहिराणी यायची. “हाई काम आपलंज शे,” हे काम आपलंच आहे, असं ते पहिल्या दिवशी म्हणाले होते आणि दोन वर्षांत करू असंही म्हणाले होते.

पहिल्या प्रोबमध्ये पाणी शिरलं. दुसरा खोल गेल्यावर तापायचा आणि आकडे भरकटायचे. तिसरा चाचणीला राजस्थानात नेला, तिथे केबल तुटली आणि तो बोअरच्या तळाशी जाऊन बसला तो बसलाच. चौथा उभा राहिला तेव्हा तिने चाळिशी केव्हाच ओलांडली होती. ती पंचवटीत भावाच्या घरी राहायची. भाऊ ढुंढिराज रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचा. पूर्वी तो जेवताना विचारायचा, झालं का तुझं यंत्र? अलीकडे विचारत नसे.

या प्रोबचं डोकं ललिता बसवायची. डोकं म्हणजे टोकाला असलेला मुठीएवढा क्रिस्टल आणि त्याला चिकटवलेली काचेची ट्यूब. किरण क्रिस्टलवर पडला की आत बारीकशी चमक होते, ट्यूब ती पकडते आणि मोजते. क्रिस्टल दिसायला बर्फासारखा, पण मिठासारखाच हवेतली ओल ओढून घेणारा. जरा ओल लागली की पिवळा पडतो आणि मग त्याचा उपयोग संपतो. म्हणून कोरड्या हवेच्या काचपेटीत, रबरी हातमोज्यांतून हात घालून, आंधळ्यासारखं चाचपत तो बसवावा लागे. उत्तराने करून पाहिलं होतं, पॅनेल विभागातल्या पिंकीनेही पाहिलं होतं. दोघींचे क्रिस्टल महिन्याभरात पिवळे पडले. ललिताचे वर्षानुवर्षं टिकायचे. ती मखमलाबादची. घरचा फुलांचा मळा होता, सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकलेली, आणि बारा वर्षं त्याच स्टुलावर बसून काम करत होती.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला ललिता महिनाभर सुट्टीवर होती. गळ्यावर गाठ होती, काढून टाकली, एवढंच तिने सांगितलं. नंतर ती गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळून यायला लागली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तिने पुन्हा आठवडाभर सुट्टी घेतली. कल्याणला भाचीचं लग्न आहे म्हणाली. परत आली ती थकलेली दिसली. लग्नघरात झोप नाही झाली, असं तिचं म्हणणं.

आल्या दिवशीच तिने आपली बसायची जागा बदलली. इतकी वर्षं ती पिंकीच्या शेजारी खिडकीजवळ बसायची. आता काचपेटी, स्टूल, सगळं ओढत ती स्टोअरच्या बाजूला नेऊन बसली. तिकडे पंखा जवळ आहे म्हणाली. मे महिना तोंडावर होता, पत्र्याची शेड भट्टीसारखी तापायची, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. स्टोअर आणि उत्तराचं चाचणीचं टेबल यांच्या मध्ये फक्त प्लायवूडचं पार्टिशन होतं.

त्याच आठवड्यात प्रोब बिघडला.

नाशिकच्या काळ्या पाषाणातून किरण फार थोडे येतात. इथे प्रोब नुसता टेबलावर ठेवला तर आकडा कायम तळाशी असतो, आणि तो तळ उत्तराला आपल्या नाडीसारखा माहीत होता. आता तो तळच वर सरकला होता. दुपटीवर जाई, कधी चौपटीवर. दुपारी जेवणाच्या सुट्टीत जरा खाली येई, पुन्हा चढे. संध्याकाळी सगळे गेल्यावर अगदी जागेवर. उत्तराला वाटलं उष्णतेमुळे होत असेल. मग वाटलं पॅनेल विभागातल्या मशीनमुळे विजेत खरखर येत असेल. तिने ट्यूबला वीज पुरवणारं सर्किट बदललं, अर्थिंग नव्याने केलं, ट्यूब बदलली. फरक नाही. शेवटी तिने ललितालाच बोलावलं आणि डोकं उघडून बघायला सांगितलं. ललिता टेबलाजवळ आली तसा आकडा इतका चढला की उत्तरा म्हणाली, हे बघ, हलवलं की असं होतं, म्हणजे जोडच सैल आहे. ललिताने प्रोब आपल्या जागी नेला, डोकं उघडलं, पुन्हा बसवलं. तसं तिने तीनदा केलं.

युरेनियम शोधणाऱ्या ज्या सरकारी खात्यासाठी हा प्रोब बनत होता त्याचे अधिकारी मेच्या अखेरीस येणार होते. महेश खैरनारांना फोन आला की ते दोन आठवडे आधीच येताहेत. उत्तरापुढे वेळ उरला नाही. तिने मग शेवटचा उपाय केला. ही जी जास्तीची खरखर आहे ती साधारण किती आहे हे तिने बरेच दिवस पाहिलं होतं. तेव्हा तेवढा भाग आकड्यातून आपोआप वजा व्हावा अशी सोय तिने प्रोबच्या प्रोग्रॅममध्ये केली. करताना तिला बरं वाटत नव्हतं. दोष सापडत नसेल तर तो झाकू नये, हे ती स्वतःच नव्या मुलांना सांगायची. पण वजाबाकी केल्यावर आकडा पुन्हा ओळखीच्या तळाशी आला आणि तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

अधिकारी आले त्या दिवशी ललिताने सुट्टी टाकली. सासूला दवाखान्यात न्यायचंय म्हणाली. महेश खैरनार वैतागले.

दोघे अधिकारी सभ्य होते. त्यांनी आपल्या गाडीतून सिमेंटचा एक जड ठोकळा आणला होता. त्यात ठरलेल्या प्रमाणात खनिज मिसळलेलं होतं आणि मधोमध प्रोब जाईल एवढं भोक होतं. प्रोब त्यात सोडला. आकडा चढला, पण जिथे जायला हवा होता तिथे पोचलाच नाही. पुन्हा सोडला. पुन्हा तेवढाच. उत्तराने तिसऱ्यांदा, चौथ्यांदा केलं. प्रोब दर वेळी तोच कमी आकडा दाखवत होता, जराही न डगमगता. वयाने मोठे होते त्या अधिकाऱ्यांनी तिला थांबवलं. म्हणाले, मॅडम, चढउतार असता तर सोबत बसून दुरुस्त केलं असतं. हा तर ठामपणे चुकतोय. जिथे खनिज आहे तिथे नाही म्हणणारं यंत्र आम्ही बोअरमध्ये कसं सोडणार? त्यांनी चहा घेतला, महेश खैरनारांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ठोकळा गाडीत चढवून निघून गेले.

उत्तरा त्या दिवशी घरी गेली आणि जेवली नाही. वजाबाकी चुकली हे तिला कळत होतं. जी खरखर रोज होती ती आजच कशी नव्हती, हे कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ललिता कामावर आली आणि अर्ध्या तासात आकडा पुन्हा चढला.

त्या दिवशी उत्तराने काही दुरुस्त करायला घेतलं नाही. तिने प्रोबची वायर दुसऱ्या एका यंत्राला जोडली. त्यात येणारा प्रत्येक किरण त्याच्या शक्तीप्रमाणे वेगळा मांडला जातो. खरखर असेल तर पडद्यावर नुसता पसारा दिसतो. खरा किरणोत्सारी पदार्थ असेल तर त्याच्या ठरलेल्या जागी एक टेकडी उभी राहते, आणि प्रत्येक पदार्थाची जागा वेगळी. हे करायला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. पण नाशिकमध्ये, अंबडच्या शेडमध्ये, किरण येणार कुठून? ती प्रोबला दोष देत राहिली होती. पडद्यावर हळूहळू टेकडी वर आली, नीट, टोकदार. जागा युरेनियमची नव्हती. उत्तराने ती जागा पुस्तकात शोधली नाही, तिला ती माहीत होती. आयोडीन. हे किरणोत्सारी आयोडीन जमिनीत सापडत नाही. ते हॉस्पिटलात देतात, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या कॅन्सरला.

ती उठून पार्टिशनच्या पलीकडे गेली. ललिता काचपेटीत हात घालून बसली होती. तिने मान वर केली आणि उत्तराच्या चेहऱ्याकडे बघून हात मोज्यांतून काढून घेतले.

“दिसलं?” तिने विचारलं.

“कधीपासून माहीत होतं तुला?”

“तुम्ही डोकं उघडायला बोलावलंत ना, तेव्हा. मी जवळ आले आणि आकडा पळाला.” ललिता खालच्या आवाजात बोलत होती. “मला वाटलं, आठ दिवसांत उतरंल. साहेब लोक यायच्या आत उतरंल. मग ते आधीच आले. म्हणून त्या दिवशी घरी राहिले, मॅडम. म्हटलं मी नसले की यंत्र बरोबर चालंल.”

उत्तरा तिच्यासमोरच्या खोक्यावर बसली. तिला ओरडायचं होतं. यंत्र बरोबर होतं, मीच त्यातून तुला वजा करून ठेवलं होतं, तू नसतानाही ते तेवढं वजा करत राहिलं, हे तिने सांगितलं तेव्हा ललिताला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मग तिने सगळं सांगितलं. गाठ साधी नव्हती. ऑपरेशननंतर फुप्फुसातही थोडं दिसलं. मुंबईच्या हॉस्पिटलात आयोडीन पाजलं आणि शिसं लावलेल्या खोलीत एकटीला ठेवलं. घरी सोडताना सांगितलं होतं की दोन आठवडे वेगळं राहायचं, लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब. घरी ती वेगळीच राहत होती. पण प्रोबची डोकी बसवायची होती आणि ती दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. पिंकीला सहावा महिना होता, म्हणून ती तिच्यापासून उठून इकडे येऊन बसली. कॅन्सर आहे हे इथे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. कळलं की माणसं वेगळी बघायला लागतात, हे तिने गावात पाहिलं होतं.

उत्तरा म्हणाली की मी कुणाला सांगणार नाही. प्रोबचं बघू काहीतरी.

“नाय मॅडम, सांगा,” ललिता म्हणाली. “सरांना सांगा, त्या साहेब लोकांना पण सांगा. यंत्रात खोट नाही हे त्यांना कळू दे. बारा वर्षं हाताने केलंय ते.”

उत्तराने दोन दिवस विचार केला आणि सांगितलं. महेश खैरनार ऐकून घेता घेता खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी अधिकाऱ्यांना फोन लावला, नंतर सविस्तर लिहून पाठवलं, टेकडीचं चित्रही जोडलं. दुरुस्त केलेला प्रोब घेऊन स्वखर्चाने कुठेही येतो म्हणाले. उत्तर यायला महिना गेला. त्यांनी कळवलं की तुमचं म्हणणं खरं असेल, पण कामगार बाईमुळे यंत्र बिघडतं आणि ते बनवणाऱ्यांना तीन आठवडे कळत नाही, ही गोष्ट वरच्यांना समजावणं अवघड आहे. परदेशी प्रोबची मागणी आधीच गेलेली आहे.

इकडे शेडमध्ये बातमी उत्तराने सांगितलं त्याच दिवशी पसरली होती. पिंकीची सासू दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभी राहिली आणि ललिताला नाही नाही ते बोलली. पिंकी मागे उभी राहून रडत होती. डॉक्टरांनी नंतर पिंकीला सांगितलं की एवढ्या अंतरावरून बाळाला काही झालेलं नाही, आणि पुढे झालंही नाही. मुलगी सुखरूप झाली. पण ललिताने हात लावलेला पाण्याचा जग कुणी वापरेना. तिच्या अंगातलं आयोडीन केव्हाच निघून गेलं होतं. उत्तरा प्रोब हातात धरून सगळ्यांसमोर तिच्याजवळ उभी राहिली, आकडा दाखवला, तळाचा. बायकांनी बघितलं, माना हलवल्या आणि डबे घेऊन पलीकडे जाऊन बसल्या. शेवटी महेश खैरनारांनी ललिताला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की पूर्ण बरी झालीस की ये, जागा तुझीच आहे. ते मनापासून म्हणत होते. तिने जागा आवरली, पिंकीच्या टेबलावर बाळासाठी विणलेली टोपी ठेवली आणि गेली. पिंकीने टोपी घरी नेली की नाही, कुणी विचारलं नाही.

पावसाळ्यात मागचा भाग बंद झाला. प्रोब कपाटात गेला. महेश खैरनारांनी कांदा साठवायच्या चाळीत बसवायची यंत्रं करायचं ठरवलं, आतली ओल आणि उष्णता मोजून शेतकऱ्याच्या मोबाइलवर कळवणारी. काम सोपं होतं. उत्तरा चांदवड, सटाणा अशी चाळीचाळींतून फिरायला लागली. ढुंढिराज म्हणाला, बरं झालं, निदान कशाला तरी लागेल. ती हो म्हणाली.

ललिताचा फोन दिवाळीनंतर आला. फुप्फुसातलं वाढलं होतं, पुन्हा आयोडीन दिलं होतं, आता ती घरी आली होती. “मॅडम, ते डोकं घेऊन याल का?” ती म्हणाली. “स्कॅनला अजून दिवस आहेत. मला आधी बघायचंय.”

उत्तराने कपाटातला प्रोब काढला, डोकं वेगळं केलं, त्याला एक बॅटरीची पेटी जोडली आणि स्कूटरवर घालून मखमलाबादला गेली. मळ्याच्या कडेला खतं-औषधं ठेवायची खोली होती, ती साफ करून ललिता तिथे राहत होती. झेंडूचा हंगाम उतरणीला लागला होता. नवरा ताट खोलीच्या उंबऱ्याशी ठेवून मागे सरायचा. मुलगी साधना पुण्याला इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला होती, ती सुट्टी काढून आली होती आणि आईला लांबून बघत अंगणात उभी होती.

ललिताने दारातूनच समजावलं. डॉक्टर म्हणाले होते, गाठींनी आयोडीन धरून ठेवलं तर ते आत राहून त्यांना जाळतं. धरलं नाही तर दोन-तीन दिवसांत लघवीवाटे निघून जातं, आणि मग दुसरा फारसा उपाय नाही. “मागच्या वेळी तीन आठवडे तुमचं टेबल बिघडवलं होतं मी,” ती म्हणाली आणि किंचित हसली. उत्तराला तेव्हा पहिल्यांदा उमजलं की ज्या दिवसांत ती प्रोबच्या नावाने कपाळ बडवत होती, ते ललिताचे चांगले दिवस होते.

तिने अंगणात एक खुर्ची ठेवली, जागा बदलू नये म्हणून पायांभोवती चुन्याने खुणा केल्या आणि डोकं त्यावर ठेवलं. आकडा हजारांत गेला. लांबून साधना घाबरली. ललिताच्या चेहऱ्यावर मात्र समाधान दिसलं. उत्तराने आकडा सांगितला आणि म्हणाली, परवा येते.

परवा ती गेली तेव्हा आकडा निम्म्याहूनही खूप खाली होता. पहिल्या दिवसांत थोडं तसं होतंच, असं ती ललिताला म्हणाली. त्यानंतर ती रोज कामावरून परस्पर जायला लागली. आठवडा संपता संपता एका संध्याकाळी तिने खुर्चीवर डोकं ठेवलं, बटण दाबलं आणि वाट बघितली. मग बॅटरी तपासली. मग डोकं उचलून खोलीच्या अगदी दारापर्यंत नेलं.

ललिता आत खाटेवर बसली होती. “किती?”

उत्तराने आकडा सांगितला.

“आणि नुसत्या जमिनीचा?”

“जवळजवळ तेवढाच.” उत्तराला तिच्याकडे बघवेना. “स्कॅन व्हायचाय अजून. माझं हे एक डोकं, त्यांच्याकडे मोठी यंत्रं असतात.”

“हे डोकं मी बसवलंय, मॅडम.”

मळ्यात पाणी सोडलेलं होतं, त्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने ललिता म्हणाली की साधनाची परीक्षा आहे, तिला आत्ता काही बोलू नका. नवऱ्याला ती स्वतः सांगणार होती. कळलं तर साधना पुण्याला जाणार नाही, वर्ष घालवेल, मग पुन्हा कधी जाणार नाही. उत्तराने मान हलवली.

तेवढ्यात साधना चहा घेऊन अंगणात आली. तिने कप भिंतीवर ठेवला आणि खुर्चीपाशी येऊन पेटीवरचा आकडा वाचला. पहिल्या दिवसापासून ती तो वाचत होती. “इतका कमी झाला?” ती म्हणाली. “म्हणजे विष बाहेर पडलं ना सगळं? चांगलं ना, मॅडम?”

दारातून ललिता म्हणाली, “चांगलंच की. उद्याच्या गाडीने जा आता.”

पण साधना आईकडे बघत नव्हती. ती उत्तराकडे बघत होती.

“हो,” उत्तरा म्हणाली.

साधनाने तोंडावर ओढणी धरली आणि रडायला लागली, हसत हसत. मग तिने वाकून उत्तराला नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली.

स्कॅनमध्ये वेगळं काही निघालं नाही. फुप्फुसांत सगळीकडे होतं आणि आयोडीन कुठेच नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या सुचवल्या, त्या थोडे दिवस चालल्या, मग हातापायांची सालं निघायला लागली म्हणून बंद केल्या. उत्तरा अधूनमधून जायची. ललिता बसून गजरे करून द्यायची, नंतर तेही जमेना. साधनाला फोनवर खोकला ऐकू जाऊ नये म्हणून ती थोडंच बोलायची आणि मळ्यात काम आहे म्हणून ठेवून द्यायची. साधनाला वाटायचं आई आता बरी झालीय, कामाला लागलीय. दोनदा तिने उत्तराला फोन करून विचारलं, आईचा आवाज बसल्यासारखा का येतो? उत्तरा म्हणाली, ऑपरेशनमुळे. दोन्ही वेळा तेच म्हणाली.

श्रावणात एका दुपारी उत्तरा चांदवडजवळ एका चाळीत यंत्र बसवत असताना ललिताच्या नवऱ्याचा फोन आला. साधना वाटेत होती. ती पोचण्याच्या आधी ललिता गेली होती.

उत्तरा दुसऱ्या दिवशी मखमलाबादला गेली. ओसरीवर बायका बसल्या होत्या. पिंकी आली होती, मुलीला घरी ठेवून. उत्तरा कोपऱ्यात बसली. थोड्या वेळाने साधना आतून आली आणि तिला खुणेने अंगणात बोलावलं. तिचे डोळे कोरडे होते.

“पप्पांनी सांगितलं मला काल,” ती म्हणाली. “आकडा कमी झाला म्हणजे औषध राहिलंच नाही, असं होतं ना ते?”

“हो.”

“तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?”

“हो. तिने सांगितलं होतं, तुला काही बोलू नका म्हणून—”

“आईने सांगितलं असेल,” साधना म्हणाली. “आईला मी विचारलंच नव्हतं. ती खोटं बोलणार हे मला माहीत होतं. म्हणून तुम्हाला विचारलं होतं.”

उत्तराने हात पुढे केला, साधना एक पाऊल मागे सरली.

“त्यानंतर मी तीनदा घरी आले फक्त. तीनदा. एकदा तर प्रोजेक्ट आहे म्हणून एका दिवसात परत गेले.” तिचा आवाज वर चढला नाही. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, उत्तराच्या तोंडून काही येईल म्हणून वाट बघत असावी. मग कुणीतरी आतून हाक मारली तशी ती वळली आणि आत गेली.

दहाव्याला उत्तरा पुन्हा गेली तेव्हा साधना समोर आली नाही. पुढे उत्तराने तिला पुण्याच्या नंबरवर दोन-तीनदा फोन केला. एकदा मोठा मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला आणि पाठवला. तो वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही, आणि गणपती झाले, दसरा झाला, तरी आलं नाही.